शेजारच्या मोटरी चालू ठेवाव्यात

झुलाल भामरेविषयी वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी लिहून द्या, असे सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी जन्मभर दुसऱ्यांचे लिहिलेले टाइप केले. माझे स्वतःचे लिखाण म्हणजे रजेचे अर्ज आणि पोस्टकार्डे. पण त्या काळात झुलालबरोबर काम केलेले आता आम्ही दोघेच उरलो. दुसरा अन्वरभाई. त्याला विचारले तर तो म्हणाला, "नाना, मला गाडी चालवता येते. लिहिण्याचं तुमचं तुम्ही पाहा." म्हणून लिहितो. कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

१९८८ साली मी जळगावात नव्या पेठेतल्या एका सल्लागार कंपनीत टंकलेखक होतो. खाली कापडाचे दुकान, वर आमच्या दोन खोल्या. विहिरीचे पाणी मोजायचे, ते किती एकराला पुरेल हे लिहून द्यायचे आणि त्याप्रमाणे ठिबकचा आराखडा करायचा, हे आमचे काम. मालक अहिरराव साहेब पाटबंधारे खात्यातली नोकरी सोडून या धंद्यात उतरले होते.

साहेबांनी पदवीधरांसाठी एक योजना काढली होती. दरवर्षी तीन पोरे घ्यायची, वर्षभर शिकवायची आणि मग एखाद्या मोठ्या कंपनीत लावून द्यायची. जाहिरातीत तिचे नाव 'प्रशिक्षण व नेमणूक योजना' असे होते. खेड्यापाड्यांत मात्र या पोरांना 'शिकाऊ साहेब' म्हणत. रुजू होताना प्रत्येकाने आपली मूळ पदवी कार्यालयात ठेवायची. ती हिरव्या लोखंडी कपाटात जाई आणि कपाटाची चावी माझ्याकडे असे. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एका विहिरीचा पूर्ण अहवाल एकट्याने करायचा. ते अहवाल पाहून बाहेरची कंपनी पोरे निवडी. निवड झाली की पदवी परत आणि माणूस कायम. नाही झाली तर आणखी सहा महिने शिकाऊ, आणि तेवढ्यातही नाही जमले तर पदवी घेऊन घरी.

झुलाल दुसऱ्या तुकडीतला. सोनगीरजवळच्या एका खेड्यातून आलेला, धुळ्याला भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. झालेला. उंच, काटकुळा, बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहणारा. मीही तसाच असल्यामुळे आमचे जमले असावे. मी तेव्हा चाळिशीचा होतो, पण सगळे कार्यालय मला नाना म्हणे. तोही म्हणू लागला.

वर्षभराचे शिक्षण म्हणजे तीन दिवस फळ्यावर आणि बाकीचे जीपमध्ये. जीप अन्वरभाईची. तो चालक होता, पण मोजायची फीत विहिरीत कशी सोडायची, ओल्या दगडावर पाय कसा ठेवायचा हे पोरांना त्यानेच शिकवले. पहिल्याच दिवशी झुलाल चकचकीत बूट घालून विहिरीत उतरायला निघाला. अन्वरभाई म्हणाला, "शिकाऊ साब, डिग्री कपाटात ठेवली, आता बूट पण वर ठेवा. विहिरीला दोन्ही दिसत नाहीत."

झुलालला कायम होण्याची घाई होती आणि तिचे कारण सगळ्यांना माहीत होते. सोनगीरच्या चुडामण आबांच्या मंजुळेशी त्याचे लग्न ठरले होते. आबांनी एकच अट घातली होती: आधी नोकरी कायम, मग तारीख. साखरपुडा होऊन आठ महिने झाले होते. सोनगीरहून दर महिन्याला एक पत्र येई, "कायमचे काय झाले ते कळवणे." ते पत्र आले की त्या दिवशी झुलालची मोजमापे दोनदा तपासावी लागत.

१९८९ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या एका कंपनीने कळवले की आम्हाला एक माणूस हवा आहे, आमचे अधिकारी येऊन अहवाल पाहतील. तीन पोरे आणि जागा एक. साहेबांनी झुलालला एरंडोल तालुक्यातली धनसिंग पाटलांची विहीर दिली. पाटलांना आठ एकर केळी लावायची होती.

आमची रीत अशी की चाचणीच्या आठ दिवस आधी शेतकऱ्याला पोस्टकार्ड जायचे. "अमुक तारखेस आमचे प्रतिनिधी विहीर पाहण्यास येत आहेत, कृपया हजर राहावे." हे कार्ड मीच टाइप करी. धनसिंग पाटलांचेही मीच केले.

चाचणी साधी असते. विहिरीवरची मोटर तीन तास चालवायची आणि पाणी किती खाली जाते ते मोजायचे. मग मोटर बंद करून पाणी किती वेळात भरून येते ते पाहायचे. खरी गोष्ट या भरून येण्यात असते. पाटलांची विहीर पाच तासांत भरली. अन्वरभाई सांगत होता की गावातली चाळीसेक माणसे विहिरीच्या काठी थारोळ्याभोवती बसली होती, चहा दोनदा झाला, आणि पाणी चाचणीआधीच्या खुणेला लागले तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. झुलालने अहवालात लिहिले, आठ एकर केळीस पाणी पुरेसे आहे. मी तो अहवाल चार प्रतींत टाइप केला. इतका नीटनेटका अहवाल कुठल्याच शिकाऊने दिला नव्हता. साहेब म्हणाले, "झुलाल, नाशिकचं तिकीट काढून ठेव."

एका पानावर मात्र पाटलांची सही राहिली होती. नाशिकचे अधिकारी बुधवारी येणार होते. सोमवारी सकाळी झुलाल एकटाच एस.टी.ने सहीसाठी गेला. जीप दुसरीकडे होती आणि कार्ड पाठवायला वेळ नव्हता.

तो संध्याकाळी परत आला तेव्हा मी टाइपरायटरवर कापड घालत होतो. तो माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "नाना, विहीर दाखवलेली होती."

"म्हणजे?"

त्याने जे सांगितले ते असे. तो दुपारी मळ्यात पोहोचला. पाटील बाजाराला गेलेले, घरी त्यांची बायको कमलबाई होती. सहीची वाट पाहता पाहता त्याने सहज विहिरीत डोकावले, तर पाणी तळाला. मोटर अर्धा तास चालून हवा ओढत होती. त्याला वाटले, झरे बुजले की काय. तेवढ्यात कमलबाई चहा घेऊन आली. हा विहिरीत पाहतोय हे बघून ती अगदी मोकळेपणाने म्हणाली, "भाऊ, आते कसं पाणी दिसी? वनानी मोटर चालू शे, पलीकडली बी चालू शे. त्या दिनले बठ्ठास्नी बंद ठेयेल व्हती ना."

वना म्हणजे धनसिंगचा चुलतभाऊ. त्याची विहीर दीडशे पावलांवर आणि झरा एकच. पलीकडल्या विहिरीचाही तोच.

"सगळ्यांनी बंद का ठेवली होती?" झुलालने विचारले.

कमलबाईला या प्रश्नाचेच नवल वाटले. "तुम्हनं कार्ड ऊनं व्हतं ना? पाव्हना येतस तवय लोके घर सारवतसच ना, भाऊ. वना दोन दिन मोटरले हात लावना नही. भाऊबंदकी कितली बी राहो, गावनी इहीर पाव्हनासमोर कमी दिसाले नको."

म्हणजे फसवणूक अशी कुणी केलीच नव्हती. विहीर पाहायला माणसे येणार म्हटल्यावर त्यांनी जे मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी करतात तेच केले होते. आणि आपण आठ दिवस आधी कार्ड पाठवून त्यांना तयारीला वेळ दिला होता. चार वर्षे मी ती कार्डे टाइप करत होतो. हे लिहितानाही मला बरे वाटत नाही.

मी म्हणालो, "तुझी चूक नाही. तू जे पाहिलंस ते लिहिलंस."

झुलाल म्हणाला, "नाना, मला हे तिथेच कळायला हवं होतं. आमच्या घरी हेच झालंय."

मग त्याने त्याच्या साखरपुड्याआधीची गोष्ट सांगितली. चुडामण आबा घर पाहायला येणार होते. झुलालच्या वडिलांकडे एकच बैल होता, तोही म्हातारा. त्या दिवशी गोठ्यात शेजारच्यांची खिल्लारी जोडी आणून बांधली. आबांनी जोडीच्या पाठीवर हात फिरवला, जेवले, हो म्हणाले. जोडी संध्याकाळी परत गेली.

"तेव्हापासून सोनगीरचं पत्र आलं की मला ती जोडीच दिसते," तो म्हणाला. "आता बैलही दाखवलेले, विहीरही दाखवलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या खोलीत गेला. दार उघडे होते, त्यामुळे मला ऐकू आले. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे चाचणी बरोबर आहे. कागदात चूक नाही. तू पुन्हा चाचणी करायची म्हणतोस तर कर, पण ती गुरुवारच्या आत होणार नाही. बुधवारी माझ्याकडे दाखवायला तुझा अहवाल नसेल. समजतंय का तुला?"

"हो साहेब."

"नाशिक जाईल. सहा महिने परत शिकाऊ. आणि त्यानंतर जागा येईलच असं मी लिहून देत नाही."

"हो साहेब."

"आणि तुझं ते लग्न?"

झुलालने हात पुढे केला. साहेबांनी अहवालाच्या चारही प्रती त्याच्यासमोर सरकवल्या. त्या घेऊन तो बाहेर आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "नाना, या बाजूला ठेवा. नवीन टाइप करावा लागेल."

बुधवारी नाशिकचे अधिकारी आले, दोन अहवाल पाहिले आणि त्यांनी रुपचंद चौधरीला निवडले. रुपचंद चांगला मुलगा होता. मी त्याची पदवी कपाटातून काढून दिली तेव्हा तो पेढे घेऊन आला. झुलालनेही पेढा खाल्ला. अन्वरभाई मात्र म्हणाला, "मी नाही खात. मला साखर आहे." त्याला साखर नव्हती.

गुरुवारी पुन्हा चाचणी झाली, या वेळी तिन्ही विहिरींच्या मोटरी चालू ठेवून. मी कधी नव्हे तो त्या दिवशी जीपमधून गेलो, आकडे लिहून घ्यायला. धनसिंग पाटील कडुलिंबाखाली पाठ करून बसले होते. या वेळी चहाही नव्हता आणि माणसेही नव्हती. अडीच तासांत विहीर तळाला गेली. संध्याकाळी ती अर्धीही भरली नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. झुलालने लिहिले, साडेतीन एकर.

पाटलांना तो आकडा सांगितला तेव्हा ते उठून उभे राहिले. "पंचक्रोशीमा मन्ही इहिरनी इज्जत काढी तू! पहिल्या बारले आठ एकर म्हना, आते साडेतीन? पाणी कोठे गयं? तू पिना का?"

झुलाल त्यांच्या पायांकडे पाहत म्हणाला, "दादा, पाणी वनाभाऊंनी दोन दिवस उधार दिलं होतं. मे महिन्यात ते देणार नाहीत. त्यांचीही केळी आहे."

पाटील काहीतरी बोलणार होते, पण पलीकडे बांधावर वना उभा होता. त्याने मान खाली घातली. मग पाटील नुसतेच विहिरीकडे पाहत राहिले. सही त्यांनी केली, पण कागद जवळजवळ फाटेल इतकी दाबून.

आता सोनगीरला सांगणे उरले. पुढच्या रविवारी झुलाल माझ्या घरी आला आणि म्हणाला, "नाना, तुम्ही चला. मला तिथे बोलता येणार नाही." अख्ख्या जळगावात बोलायला त्याला मीच सापडलो, याचे मला आजही हसू येते. पण गेलो. जळगावहून धुळे, धुळ्याहून दुसरी एस.टी. वाटेत काय बोलायचे ते मी मनात चार वेळा जुळवले. पारोळा येईपर्यंत छान जुळले होते. सोनगीरचा किल्ला दिसू लागला आणि सगळे विसरलो.

चुडामण आबा ओट्यावर बसलेले होते. पांढरी टोपी, मोठ्या मिशा. तांब्याच्या लोट्यात पाणी आले. आबांनी विचारले, "मंग? झाया का कायम?"

मी घसा साफ केला. दोन वेळा केला. शेवटी झुलालच बोलला. "नाही आबा. आणखी सहा महिने शिकाऊ. पुढचं माहीत नाही."

"काब्रं?"

झुलालने विहिरीचे सगळे सांगितले. आबा ऐकत होते. दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे आतही कुणीतरी ऐकत होते. विहिरीचे संपले आणि मी निश्वास सोडला. पण तो थांबला नाही. म्हणाला, "आणि आबा, तुम्ही घर पाहायला आलात तेव्हा गोठ्यातली खिल्लारी जोडी आमची नव्हती."

मला वाटले, आता उठावे लागणार. मी पायात चप्पल आहे का पाहिले.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आमले माहीत शे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"तुन्हा बापनी 'राजा' म्हनी हाक मारी. बैलनी कान बी हालावा नही! सोताना धनी बलावस आणि बैल देखत बी नही, असं कोठे व्हस का? मन्ही बायकोनी तठेच मन्हाकडे देखं. घर येवापावत हासत व्हतूत आम्ही."

आतून कुणीतरी खरेच हसले.

"मग तुम्ही हो का म्हणालात?" झुलालचा आवाज फार बारीक झाला होता.

"बैल देखाले थोडाच उनतूत? पोऱ्या देखाले उनतूत." आबांनी टोपी सारखी केली. "तुन्हा बाप बैलनं दावं धरी उभा व्हता आणि तू खाले मान घाली उभा व्हता. लाज वाटनारा माणूस शे, म्हंतलं, चाली. कायमनी अट घाली ती यान्हासाठे का तू वावर कसाले गावमा परत येवाले नको."

मग आबा उठले. "सहा महिना तं सहा महिना. तारीख वैशाखनी धरू. पन आते एक काम कर. मन्ही इहीर मोज."

"आता?"

"आतेच. कार्ड धाडेल नही, मंग खरी दिसी."

झुलालच्या पिशवीत फीत असायचीच. आम्ही मळ्यात गेलो. आबांनी बांधावरून दोन्ही शेजाऱ्यांना ओरडून मोटरी चालू करायला सांगितल्या. त्यांना वाटले आबा थट्टा करतात. आणि नेमके तेव्हाच लाइट गेले. मग आम्ही तिघे आणि ते दोन शेजारी विहिरीच्या काठावर लाइट येण्याची वाट पाहत बसलो. मंजुळा चहा घेऊन आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिले. तिने कप ठेवता ठेवता झुलालला हळूच विचारले, "कितलं पाणी शे?"

झुलाल म्हणाला, "मोजल्याशिवाय सांगणार नाही."

ती हसून गेली. लाइट साडेचारला आले.

वैशाखात लग्न झाले. सप्टेंबरात सहा महिने संपले. बाहेरून एकही जागा आली नव्हती. साहेबांनी त्याला आमच्याच कार्यालयात ठेवून घेतले, पुढच्या पोरांना शिकवायला. त्याच्या नेमणुकीचे पत्र मी टाइप केले. आनंदाने गडबडलो असेन, पण नावातच चूक झाली आणि परत करावे लागले. कपाटातून पदवी काढली तेव्हा तिच्या कोपऱ्याला टाचणीचा गंज लागला होता. झुलाल तो बोटाने पुसायला गेला तर डाग पसरला. म्हणाला, "राहू द्या नाना. विहिरीला दिसत नाही."

धनसिंग पाटलांनी दुसरीकडून सल्ला घेऊन पाच एकर लावले असे कानावर आले. त्या वर्षी पाऊस बरा झाला, त्यामुळे आमचे साडेतीन बरोबर होते की त्यांचे पाच, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. झुलालला विचारले तर तो म्हणे, "मोजल्याचं बरोबर. पिकल्याचं देवाला ठाऊक."

पुढे नऊ वर्षे त्याने तिथे पोरे शिकवली. त्यांतली बरीच मोठ्या जागांवर गेली. तो स्वतः कुठे गेला नाही. पोरांना तो पहिल्या दिवशी विहीर दाखवत नसे. आधी शेजारच्या विहिरी दाखवी. आता तो मुलाकडे नाशिकला राहतो. फोनवर म्हणतो, "नाना, शेवटी नाशिक झालंच की."

एक सांगायचे राहिले. त्या मार्चपासून आमचे पोस्टकार्ड बदलले. शेतकऱ्याला तारीख कळवणे बंद झाले, फक्त महिना. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी अन्वरभाई जीप घेऊन जाई आणि आजूबाजूच्या विहिरीवाल्यांना माझ्या हातची कार्डे स्वतः नेऊन देई. मजकूर झुलालने सांगितला होता, मी तो तसाच टाइप केला:

"उद्या आपल्या शेजारच्या विहिरीची चाचणी आहे. तरी कृपा करून आपली मोटर नेहमीप्रमाणे चालू ठेवावी. शेजाऱ्यांचे भले व्हावे असे वाटत असल्यास बंद करू नये."

पहिल्या वर्षी लोकांना हे कार्ड चेष्टेचे वाटे. एका म्हाताऱ्याने अन्वरभाईला विचारले होते, "शेजाऱ्याचं पाणी कमी दाखवा असं सांगणारं सरकार हे पहिलंच का?" अन्वरभाईने सांगितले, "सरकार नाही चाचा, शिकाऊ साब आहेत."